घरच्या संगणकाचे निदान

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, पेन्शनचे हिशेब, परदेशस्थ लेकीसुनांची छायाचित्रे, इतकेच नव्हे तर कित्येक घराण्यांचे कुलवृत्तान्तही त्याच्या पोटात साठविलेले असतात. असे हे यंत्र चालता चालता एकाएकी मूर्च्छित व्हावे व आपणच पुनः जागे व्हावे, हा अनुभव पुष्कळ कुटुंबांस येतो. अशा वेळी कोणी ‘चालायचेच’ म्हणून दुर्लक्ष करतो, तर कोणी घाबरून एखादा भाग बदलून टाकतो. दोन्ही मार्ग त्याज्य होत. आपल्या वैद्यकात चिकित्सेच्या आधी निदान येते. ‘माधवनिदान’ हा ग्रंथ तर सर्वस्वी निदानासच वाहिलेला आहे. तोच क्रम येथेही श्रेयस्कर होय.

मात्र निदानाच्याही आधी एक कर्तव्य आहे. यंत्र थोडा वेळ तरी चालते आहे तोवर महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून ठेवावी. यंत्राचे भाग बाजारात मिळतात. आजोबांच्या टिपणांवरून वर्षानुवर्षे खपून जुळविलेली वंशावळ कोठेही विकत मिळत नाही.

आता निदानाचे साधन. अमुक असता तमुक घडते, हा अन्वय; अमुक नसता तमुक घडत नाही, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजे कारण निश्चित झाले. कावळा बसला आणि फांदी मोडली एवढ्यावरून कावळ्यास दोष देणे हा मात्र काकतालीय न्याय. यास्तव एक वही करावी व यंत्र बंद पडेल त्या प्रत्येक वेळी तारीख, वेळ, चालू असलेले काम आणि घरातील दिवे मंदावले होते काय, हे टिपावे.

विंडोजही स्वतःची रोजनिशी ठेवते. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये ती दिवसवार पाहावयास मिळते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद दिसताच वीजपुरवठ्याचा भाग बिघडला असे अनेकजण मानतात. वस्तुतः यंत्र रीतसर बंद न होता पुनः सुरू झाले, एवढाच तिचा अर्थ. ती लक्षण सांगते, कारण नव्हे. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधील ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ ही खूण काढून ठेवावी, म्हणजे निळा पडदा (अलीकडच्या विंडोज 11 मध्ये काळा) स्थिर राहून त्यावरील संकेत वहीत उतरविता येतो. पडदा न दिसता यंत्र एकदम विझत असेल तर प्रथम उष्णता व वीज यांचा संशय घ्यावा.

जड काम काही वेळ चालल्यावरच यंत्र बंद पडते काय? मग वायर काढून आतील पंख्यावरची धूळ झाडावी. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कदापि उघडू नये, तीत वीज साठून राहते. वेळेचा काही मेळच नसून दर वेळी संकेत निराळा येतो काय? मग ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवावे व रॅमच्या दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी. नवीन प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर घातल्यापासून आरंभ झाला काय? मग ‘सेफ मोड’मध्ये यंत्र टिकते का ते पाहून तो काढावा. दि. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-प्रणालीच्या एका सदोष सुधारणेने जगभरातील सुमारे 85 लक्ष विंडोज यंत्रे कोसळली आणि आपल्याकडील विमानतळांवर हस्तलिखित प्रवेशपत्रे देण्याची पाळी आली. त्या यंत्रांचा एकही भाग बिघडलेला नव्हता; सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसताच ती पूर्ववत् झाली.

विजेचे उदाहरण येथीलच देतो. आमच्या परिचयातील कोल्हापूरच्या एका कुटुंबात कुलवृत्तान्ताचे काम चालू असता संगणक वारंवार बंद पडे. कारागिराने मदरबोर्ड बदलावयास सांगितला. घरातील सूनबाईंनी आधी वही केली. आठ दिवसांत दिसून आले की, इमारतीची पाण्याची मोटर सुरू होते त्याच वेळी यंत्र विझते. हा अन्वय झाला. मग त्यांनी मधला यू.पी.एस. वगळून संगणक थेट भिंतीच्या प्लगला जोडला. मोटर सुरू झाली, तरी यंत्र चालूच राहिले. हा व्यतिरेक. दाब उतरताच यू.पी.एस. आपल्या बॅटरीवर जाई आणि ती जुनी बॅटरी भार पेलू शकत नसे. रक्षणार्थ ठेवलेले साधनच घात करीत होते. कुंपणच शेत खात होते! केवळ बॅटरी बदलली, मदरबोर्ड आहे तोच राहिला व कुलवृत्तान्तही पुरा झाला.

तात्पर्य, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहून मगच दुसरीस हात घालावा. दोन उपाय एकदम केले आणि गुण आला, तर तो कशाने आला हे कळत नाही, आणि व्याधी उलटली म्हणजे पुनः सारा खर्च आरंभापासून करावा लागतो. एवढे करूनही कारण न सापडल्यास यंत्र जाणत्या कारागिराकडे न्यावे, परंतु सोबत वहीही न्यावी. रोग्याचा पूर्ववृत्तान्त ऐकल्यावाचून सुज्ञ वैद्य औषध देत नाही.