सफाई झालेल्या अंगणांच्या फेरतपासणीबाबत निवेदन

प्रति,
मा. संचालक,
विषारी पदार्थ नियंत्रण विभाग,
कॅलिफोर्निया राज्य, सॅक्रामेंटो

विषय : व्हर्नन येथील बंद बॅटरी कारखान्याभोवतालची माती सफाईनंतर पुन्हा तपासणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे बॉयल हाइट्स, मेवुड, कॉमर्स व ईस्ट लॉस एंजेलिस येथील रहिवासी, बहुतांश लॅटिनो, सविनय निवेदन करतो की, जुन्या बॅटऱ्यांतून शिसे गाळणारा हा कारखाना 1922 पासून चालू होता. 2000 साली तो एक्साइड कंपनीकडे आला. तीन दशकांहून अधिक काळ तो हंगामी परवान्यावर चालला. पूर्ण परवाना कधी मिळालाच नाही. 2015 मध्ये तो कायमचा बंद झाला आणि 2020 मध्ये दिवाळखोरी न्यायालयाने कंपनीला ही जागा सोडून देण्याची मुभा दिली. खर्च राज्याच्या तिजोरीवर आला, शिसे आमच्या अंगणात राहिले.

कारखान्यापासून 1.7 मैलांच्या आतील सुमारे 10,000 मिळकतींचा हा प्रश्न आहे. ठेकेदार अंगण जास्तीत जास्त 18 इंच खोदतो, नवी माती पसरतो आणि घर ‘पूर्ण’च्या यादीत जाते. मात्र 2023 मध्ये विद्यापीठांच्या संशोधकांनी अशी ‘पूर्ण’ घरे तपासली, तेव्हा अनेक ठिकाणी शिसे राज्याच्या 80 पीपीएम या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. जुन्या रंगातून आणि पूर्वीच्या पेट्रोलमधूनही शिसे मातीत उतरते, हे आम्हांस मान्य आहे. पण मातीत खेळून तीच बोटे तोंडात घालणाऱ्या मुलाच्या रक्ताला शिसे कुणाचे, याने काय फरक पडतो?

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, सफाई झालेल्या प्रत्येक घराची माती ठेकेदाराशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडून तपासावी, विशेषतः झाडांच्या मुळांजवळची आणि कुंपणाच्या कडेची माती. मर्यादेपेक्षा जास्त शिसे आढळल्यास रहिवाशांना खर्च न लावता पुन्हा खोदावे. पदपथ व रस्ता यांमधील मातीची पट्टी अंगणासोबतच उचलावी. मुले तिथेही खेळतात.

आणखी एक. सफाईसाठी घरमालकाची संमती लागते, पण आमच्यातले पुष्कळजण भाडेकरू आहेत. मालक पत्राला उत्तर देत नसेल तर विभागाने स्वतः त्याला गाठावे, आणि तपासणीचे निकाल भाडेकरूंनाही स्पॅनिशमध्ये मिळावेत.

फेरतपासणीचे वेळापत्रक लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
परिसरातील रहिवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)