बाप कोठे आहे?

विनोद निरुपद्रवी असतो, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आम्हांस तो मान्य नाही. विनोद कोणावर केला आणि त्यातून कोणाला वगळले, हे तपासल्याखेरीज त्याला निर्दोष ठरविता येणार नाही.

फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए याने राजा लुई फिलिपची टर उडविली आणि १८३२ साली तुरुंगवास पत्करला. पुढे १८३५ च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांवर निर्बंध आले, तेव्हा पॅरिसच्या 'शारिवारी' दैनिकातील थट्टा घरसंसाराकडे वळली. १८४४ साली दोमिएने लेखिकांची खिल्ली उडविणारी शिळाछापाची चित्रमाला काढली. त्यातील एका चित्रात आई लेखनात गढून गेली आहे आणि तान्हे मूल न्हाणाच्या टबात उलटे पडले आहे. मुलाचा बाप कोठे आहे, हे मात्र चित्र विचारीत नाही. १८०४ च्या नागरी संहितेने फ्रान्समधील पत्नीला पतीच्या आज्ञेत बांधले होते. राजाला न भ्यालेला कलावंत त्या बांधलेल्या स्त्रीलाच हसत होता.

आपणही मागे नव्हतो. पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले आणि १८८६ साली नारायण बापूजी कानिटकरांच्या 'तरुणी-शिक्षण-नाटिके'ने शिकलेल्या तरुणींची टवाळी केली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ सालीच 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांचे दोष त्यांच्या पदरात घातले होते; पण टवाळांनी ते वाचूनही न वाचल्यासारखे केले.

कोणी म्हणेल, मुलाची आबाळ होऊ नये एवढाच अशा थट्टेचा हेतू असतो. तसे असेल, तर आमच्या उमापूरच्या परिसराकडे पाहावे. ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. बाई पहाटे भाकरी थापते, दिवसभर मोळ्या वाहते आणि तिचे लेकरू फडाच्या कडेला पाचटावर निजते. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. त्या लेकराची आबाळ पाहून कोणास विनोद सुचत नाही. म्हणजे थट्टेचा विषय आईचे काम हा नव्हे, तिच्या हातची लेखणी हाच आहे.

शिकलेल्या सुनेची भाजी करपल्याचे प्रहसन आपल्या स्नेहसंमेलनांतही टाळ्या घेते. समोर बसलेल्या मुली ते पाहतात आणि शिकणे म्हणजे हसे करून घेणे, असा धडा घरी नेतात. पालकांनी अशा वेळी टाळी वाजविण्यापूर्वी एवढेच विचारावे, की भाजी करपत असताना मुलगा काय करीत होता?