शिंप्याचा ब्लॉग

भारतात छोटा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाला हल्ली कोणीतरी बजावून सांगितलेलं असतं की इंस्टाग्रामवर रोज काहीतरी टाकल्याशिवाय धंदा चालत नाही. मग मसाले करणाऱ्या काकू नाचाचे व्हिडिओ टाकतात आणि सुटे भाग बनवणारा कारखानदार 'सुप्रभात'ची फुलं. मी धंदेवाला नाही, संशोधन करून पगार घेणारा माणूस आहे. तरीही इथे इंग्लंडमध्ये घडलेल्या दोन-चार गोष्टी पाहता हा सल्ला मला अर्धवट वाटतो.

लंडनमध्ये सॅव्हिल रो नावाचा एक रस्ता आहे. माप घेऊन हाताने सूट शिवणाऱ्या शिंप्यांची ही पेठच म्हणा ना! एका सुटाला हजारो पौंड पडतात. थॉमस मॅहन हा इथल्याच अँडरसन अँड शेपर्ड या जुन्या पेढीत तयार झालेला कारागीर (तेव्हाचे युवराज चार्ल्स याच पेढीचे गिऱ्हाईक). पुढे त्याने स्वतःचं काम सुरू केलं आणि बिऱ्हाड मांडलं ते लंडनपासून दूर, उत्तरेकडच्या कंब्रियात. हात उत्तम, पण अशा आडगावी ऑर्डर येणार कुठून? ह्यू मॅक्लाउड हा त्याचा मित्र जाहिरातीच्या धंद्यात मुरलेला, व्हिजिटिंग कार्डांच्या पाठीवर व्यंगचित्रं काढणारा. त्याच्या सांगण्यावरून जानेवारी २००५ मध्ये मॅहनने 'इंग्लिश कट' नावाचा ब्लॉग सुरू केला.

आता गंमत बघा. त्यावर 'सेल'ची पाटी नव्हती. कापड कसं बेततात, कच्च्या टाक्यांवर सूट अंगावर घालून का बघायचा, चांगला शिंपी कसा ओळखायचा आणि एवढे पैसे नक्की कशाचे, हे सगळं त्याने साध्या भाषेत लिहिलं. थोड्याच काळात अटलांटिकपलीकडून ऑर्डरी येऊ लागल्या आणि तो मापं घ्यायला न्यूयॉर्कच्या फेऱ्या करू लागला.

हे ऐकल्यावर आपल्याकडचा माणूस पहिली शंका काढतो: "सगळं सांगून टाकलं तर दुसरा कोणी तेच करेल की!" अहो, ब्लॉग वाचून कोणाला सॅव्हिल रोचा सूट शिवता आलाय का? आमच्या क्षेत्रात शोधनिबंध वाचणारा निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडतो. काम करणाऱ्याला खरंच येतं की नाही, ते तिथेच कळतं. गिऱ्हाईकही काही वेगळं नसतं. इचलकरंजीतल्या कारखानदाराने मागाचा अमुक भाग लवकर का झिजतो आणि तो झिजलाय हे कसं ओळखायचं, एवढं जरी मराठीत नीट लिहिलं, तरी ज्याचा माग बंद पडलाय तो माणूस फोन त्यालाच करणार. फुलांचा फोटो बघून कोण फोन करतं?

अर्थात मुळात माल हवा. लंडनच्या हाउन्स्लो भागात 'श्री कृष्ण वडापाव' आहे. सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या दोन मुंबईकर मित्रांनी मंदीच्या काळात, २०१० साली, दुसऱ्याच्या आइस्क्रीमच्या दुकानात थोडी जागा भाड्याने घेऊन ते सुरू केलं. त्यांची कहाणी नंतर तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेली असेल. पण सुरुवातीला त्यांनी काय केलं? रस्त्यावर उभं राहून लोकांना वडापाव फुकट चाखायला दिला! चव आधी, फॉरवर्ड मागाहून.

उलटं केलं तर काय होतं, तेही लंडननेच दाखवून दिलं. उबा बटलर या पत्रकाराने डलिचमधली आपली बागेतली शेड हॉटेल म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायजरवर नोंदवली आणि मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहून घेतले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही अस्तित्वातच नसलेली खाणावळ लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर होती!! लोक टेबलासाठी फोन करत होते. हा प्रकार विनोदी खराच, पण शेजारी खरं हॉटेल चालवून सचोटीने धंदा करणाऱ्याला हसू आलं असेल का? आता एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमध्ये खोटे अभिप्राय लिहवून घेण्यावर कायद्याने थेट बंदी आहे. आपल्याकडे 'शंभर रिव्ह्यू इतक्या रुपयांत' असे मेसेज खुशाल फिरत असतात आणि ते घेणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट जागेची. ऑर्कुटवर हजारोंच्या कम्युनिटी जमवलेले लोक आठवतात? ३० सप्टेंबर २०१४ ला ते दुकानच बंद झालं. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि तिथल्या लाखो फॉलोअर्सचा हिशेब एका दिवसात शून्यावर आला. फेसबुकवर तर तुमचं पान आवडलं म्हणणाऱ्यालाही तुमची पोस्ट दिसेलच असं नाही, हमखास दिसायला हवी तर पैसे मोजा. ही सगळी भाड्याची जागा आहे, आणि तीही भाडेकराराशिवाय! तिथे जरूर बसा, वर्दळ तिथेच आहे. पण लिहिलेलं सगळं स्वतःच्या नावाच्या साध्या संकेतस्थळावर ठेवा आणि गिऱ्हाइकांना विचारून त्यांचे फोन नंबर, ई-मेल एका वहीत उतरवून घ्या. संकेतस्थळाच्या नावाला वर्षाकाठी हजारभर रुपये पडतील, वहीला त्याहून कमी.