‘ढ’ नक्की कोण?

ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकीची अक्षरं बदलत गेली, ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात कितीही शिकवलं तरी फरक पडत नाही, त्याला ‘ढ’ म्हणायचं, अशी या शिवीची एक लोकप्रिय व्युत्पत्ती सांगतात. ती खरी की रचलेली, ते भाषातज्ज्ञ बघतील. पण ज्या मुलाची सगळी अडचणच अक्षरांशी आहे, त्याच्या कपाळावर आपण एक अक्षर चिकटवतो आणि पुढच्या मुलाकडे वळतो.

आधी त्या मुलाची बाजू बघू. मराठी जशी बोलतात तशी लिहितात, असं आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं. ‘किरण’ शब्द बघा. तोंडातून आधी क निघतो, मग इ. कागदावर मात्र डोळ्यांना वेलांटी आधी भेटते. ‘सूर्य’ म्हणताना र आधी येतो, लिहिल्यावर तो य च्या डोक्यावर जाऊन बसतो. तोच र ‘प्रकाश’मध्ये पायाशी असतो आणि ‘ट्रक’मध्ये आणखी वेगळा दिसतो. घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक एका गाठीचा. बहुतेक मुलं दोनेक वर्षांत सरावाने यातून पार होतात. काही मुलांचा मेंदू आवाज आणि चिन्ह यांची जोडी सहजासहजी लावत नाही. ही मुलं ऐकलेलं समजतात, गोष्ट रंगवून सांगतात, सुट्ट्या पैशांचा हिशोब तोंडी करतात. वाचायला उभं केलं की त्यांना घाम फुटतो. यात आळस नाही आणि आईबापाचं दुर्लक्षही नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात.

हे आपल्याला नवीन नाही. ‘तारे जमीं पर’ 2007 साली आला, सगळे थिएटरात रडले. कायद्याला त्यानंतर नऊ वर्षं लागली. 1995च्या अपंगत्वविषयक कायद्यात सात प्रकार होते आणि त्यात हे मूल कुठेच नव्हतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता आली. त्या कायद्याचं कलम 16 सांगतं की अशी अडचण शाळेने लवकरात लवकर ओळखावी आणि शिकवण्याची पद्धत त्याप्रमाणे बदलावी. कलम 17 सरकारला सांगतं की त्यासाठी शिक्षकांना आणि इतर मनुष्यबळाला तयार करा.

आता खरा प्रश्न. हे ‘तयार करणं’ म्हणजे आपण नेमकं काय करतो?

आपण व्हिडिओ दाखवतो.

ऑगस्ट 2019मध्ये केंद्राने ‘निष्ठा’ नावाचा शिक्षक प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. लक्ष्य होतं सुमारे 42 लाख शिक्षकांचं. आधी तो समोरासमोर होता. राज्यस्तरावर काही जणांना शिकवायचं, त्यांनी खालच्यांना शिकवायचं, असा निरोप खाली पोचवायचा. कोविडमध्ये सगळं ‘दीक्षा’ ॲपवर गेलं. त्यात समावेशक वर्गाचं मॉड्यूल आहे आणि त्यातला मजकूर वाईट नाही. तरीही मला राग आहे तो त्यानंतर जे मोजलं जातं त्याचा. किती शिक्षकांनी कोर्स जॉइन केला, किती जणांनी पूर्ण केला, किती प्रमाणपत्रं निघाली. तालुक्याचा आकडा कमी पडला की व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी येते: ‘खालील शिक्षकांनी आज सायंकाळी पाचपर्यंत कोर्स पूर्ण करावा.’

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. असा डॅशबोर्ड आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस दुरून ओळखतो. कंपन्यांमध्ये दरवर्षी सक्तीचं कंप्लायन्स ट्रेनिंग असतं. व्हिडिओ म्यूट, दुसऱ्या टॅबमध्ये काम, शेवटी दहा प्रश्न, प्रमाणपत्र. त्यातून कंपनी सुरक्षित झाली असं कोणी मानत नाही. कायदा विभागाची फाइल पूर्ण झाली, एवढंच. पण त्याच कंपनीला नव्या इंजिनिअरकडून खरंच चांगलं काम हवं असतं, तेव्हा ती काय करते? त्याच्या शेजारी एक अनुभवी माणूस बसवते. त्याने लिहिलेला कोड ओळ न् ओळ कोणीतरी वाचतं, ‘हे असं का केलंस?’ विचारतं, तो दुरुस्त करतो, पुन्हा वाचलं जातं. महिनोन्‌महिने. ॲपचं एक बटण दोन पिक्सेल सरकलं तर ज्याला फरक पडतो त्याच्यासाठी एवढी व्यवस्था आणि चाळीस मुलांचं वाचन ज्याच्या हातात आहे त्याला लिंक!

शिक्षकांच्या बाबतीतही हे काही नवं ज्ञान नाही. अमेरिकेतले संशोधक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980पासून हेच मांडलं. नुसतं सांगून आणि दाखवून वर्गातलं शिकवणं फारसं बदलत नाही. सराव, त्यावर अभिप्राय आणि वर्गातच सोबत करणारा मार्गदर्शक मिळाला, तरच शिकलेलं वर्गात उतरतं. तरी आपण ‘सांगणं’ या पहिल्याच पायरीवर आहोत. फक्त सांगणारा आधी सभागृहात होता, आता मोबाइलमध्ये आहे.

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबाने साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता. मी तिला विचारलं, “मावशी, कोर्समधलं काय वापरलंस?” ती म्हणाली, “अरे, कोर्स सांगतो प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार शिकव. मला पटतं. पण तिसरीतली ती मुलगी ‘कमळ’ला ‘मकळ’ वाचते, ते डोळ्यांमुळे, सवयीमुळे की आणखी कशामुळे, हे मी कोणाला विचारू? व्हिडिओला?”

या एका प्रश्नात सगळा विषय आला. मावशीकडे माहिती आहे. तिच्याकडे नाही ते शेजारी बसून त्या मुलीचं वाचन ऐकणारं, चुकांची नोंद करून त्यातला क्रम शोधणारं माणूस. “दोन आठवडे शब्दातले आवाज टाळ्या वाजवून वेगळे करून घ्या, अक्षर वाळूत गिरवून घ्या, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावू नका, परिसर अभ्यास तोंडी विचारा, मग मी परत येते,” असं म्हणणारं आणि खरंच परत येणारं.

असं माणूस कागदावर आहे. त्याला विशेष शिक्षक म्हणतात. गटसाधन केंद्रातून शाळाशाळा फिरणारे हे लोक वर्षानुवर्षं कंत्राटावर राबले. सर्वोच्च न्यायालयाने 2021मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्रमाण सांगितलं: प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांत पंधरांमागे एक. मार्च 2025मध्ये त्याच खटल्यात न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं की पदं जाहीर करा आणि भरा. आपल्या राज्याने 2024मध्ये केंद्रस्तरावर पदं मंजूर केली, हे चांगलंच झालं. पण एका केंद्रात साधारण दहा शाळा येतात. त्या माणसाला महिन्यातून मावशीच्या वाट्याला किती तास येतील, हे बोटांवर मोजता येईल.

यावर दोन उत्तरं हमखास येतात.

पहिलं: ‘शिक्षकांनाच शिकायचं नसतं.’ रीलवरचा लाडका विनोद. काहींना नसेलही, तसे लोक माझ्या ऑफिसातही आहेत. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना लावायला मुभा ठेवली आहे. त्यावर मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, प्रत्येक उपक्रमाचे फोटो अपलोड. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असं म्हटलंय. हे तास कामाच्या वेळेतून कापून कोणी देत नसेल, तर ते रात्री स्वयंपाक झाल्यावर दीक्षावरच जाणार.

दुसरं उत्तर माझ्या जातभाईंचं: ‘एवढ्या शिक्षकांपर्यंत पोचायचं तर स्केल लागतं, टेक्नॉलॉजीशिवाय पर्याय नाही.’ मजकूर स्केल होतो, हे मान्य. कौशल्य तसं होत नाही, नाहीतर यूट्यूबवर पोहण्याचे व्हिडिओ बघून सगळा महाराष्ट्र पट्टीचा पोहणारा झाला असता. टेक्नॉलॉजीला इथे खरं काम आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015मध्ये ‘डाली’ ही डिस्लेक्सिया ओळखण्याची साधनं आणली, मराठीतही, आणि त्यात शिक्षकांना वापरता येईल अशी चाळणी चाचणी आहे. 2022मध्ये एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ ॲप आलं, तेही प्राथमिक तपासणीसाठी. पण चाळणीत जे मूल अडकलं, त्याचं उद्या सकाळी काय करायचं? तिथे ॲप संपतं आणि माणूस लागतो. नेमका तिथेच पैसा संपलेला असतो.

मग हे मूल पुढे सरकत राहतं. दहावीच्या परीक्षेत बोर्ड जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं, हातात प्रमाणपत्र असेल तर. शहरातले, माहितीतले पालक दवाखान्याच्या चकरा मारून ते मिळवतात. पण अडचण सुरू झाली सातव्या वर्षी आणि सवलत मिळते पंधराव्या. सॉफ्टवेअरमध्ये याला बग प्रॉडक्शनमध्ये सापडणं म्हणतात, आणि तेव्हा नोकऱ्या धोक्यात येतात. इथे आठ वर्षं ‘ढ’ म्हणून घेतलेलं मूल कधीच शेताकडे, गॅरेजकडे निघून गेलेलं असतं. त्याच्यासाठी कोणाचीही चौकशी होत नाही.

मागणी साधी आहे. कोर्स ठेवा, पण कोर्स पूर्ण झाल्याचा आकडा यश म्हणून छापणं बंद करा. त्याऐवजी विचारा: या वर्षी किती वर्गांत विशेष शिक्षक बसला, आणि परत आला का? ज्या मुलांची नोंद जूनमध्ये झाली, त्यांचं वाचन मार्चमध्ये कुठे आहे? शिक्षकाचे 50 तास शाळेच्या वेळेत, दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात बसण्यासाठी आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकेका मुलावर बोलण्यासाठी द्या. पदं भरा. हे महाग आहे. आज ही किंमत ते मूल एकटं भरतंय.

आणि तुम्ही-आम्ही? पुढच्या हॅकेथॉनला ‘समावेशक शिक्षणासाठी एआय’ असा विषय निघाला, तर स्लाइड बनवण्याआधी एखाद्या जिल्हा परिषद शाळेत आठवडाभर मागच्या बाकावर बसा. गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीत तुमचा भाऊ, वहिनी असतील, तर त्यांना एवढंच विचारायला सांगा: आपल्या शाळेत विशेष शिक्षक शेवटचे कधी आले होते?

कितीही शिकवलं तरी ज्याच्यात फरक पडत नाही तो ‘ढ’, ही व्याख्या मला मान्य आहे. अभ्यासातून कळलं, कायद्याने सांगितलं, न्यायालयाने दोनदा बजावलं, तरी आपली प्रशिक्षणाची पद्धत सभागृहातून मोबाइलवर गेली एवढाच काय तो फरक. तेव्हा ते अक्षर त्या मुलाच्या कपाळावरून काढा. ते कुठे चिकटवायचं, हे आता पुरेसं स्पष्ट आहे.