सामाईक साहित्य

अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांचे शिक्षण व त्यास पूरक उपचार सरकारी शाळांकडे आले. तेथील व्यायामोपचारक व व्यवसायोपचारक पुष्कळदा अनेक शाळा फिरतात. चेंडू, कात्र्या मोटारीतूनच हिंडतात. उभे राहण्याची चौकट मात्र अशी हिंडत नाही. ती एका शाळेच्या कोठीत धूळ खात असता दुसरीकडचे मूल तिच्यावाचून बसून राहते. आणि मूल तर वाढतच असते! सामाईक अडकित्ता नेमका पाहुण्यांसमोर सापडत नाही, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. कोणती वस्तू कोणी नेली, केव्हा परत येणार, हे एकाच जबाबदार व्यक्तीने वहीत टिपावे, असे आम्हांस वाटते. बोटांच्या व्यायामासाठी मळावयाचा लगदा तेवढा सामाईक नसावा. तो ज्या त्या मुलाच्या नावाच्या डबीत ठेवावा.