कापून टाकलेले सत्य

प्रचार म्हणजे खोटे बोलणे, अशी एक सोपी समजूत आपल्या कार्यकर्त्यांतही रूढ आहे. ती धोक्याची आहे. निखालस खोटे सहसा उघडे पडते. प्रभावी प्रचार खऱ्याच्याच आधाराने उभा राहतो. खऱ्याचा सोयीचा तुकडा उचलायचा, उरलेला कापून टाकायचा आणि ऐकणाऱ्याला विचार करण्यास सवड द्यायची नाही, ही त्याची रीत. ती ओळखता येणे हा केवळ बुद्धिचातुर्याचा प्रश्न नाही. माणसांचे प्राण त्याच्याशी निगडित आहेत, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसे. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले. त्यांनी कोणाचेही मूल पळविलेले नव्हते. परंतु मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्या आहेत, असे संदेश त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून हातोहात फिरत होते.

त्या काळात देशभर पसरलेली एक चित्रफीत या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून पसार होतात, एवढेच तीत दिसे. वस्तुतः ती कराचीमध्ये बालकांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृतीसाठी तयार केलेली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवितात. हा शेवट कोणीतरी कापला. चित्रात एकही नवी गोष्ट घालावी लागली नाही. काही क्षणांची काटछाट पुरली आणि सावधगिरीचा इशारा द्वेषाचे हत्यार झाला.

मात्र बी पडले म्हणून रान उगवत नाही, त्याला जमीन लागते. ही जमीन जुनी आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून माणसांच्या समूहांनाच जन्मजात गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला; पण पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची नजर रद्द झाली नाही. प्रचार नवी मते क्वचितच निर्माण करतो. मनात दडलेल्या भीतीला तो फक्त बोट दाखवून देतो. राईनपाडा हे आदिवासी पट्ट्यातील गाव. म्हणजे ज्यांचे हात उठले तेही दरिद्री आणि जे मेले तेही दरिद्री. वंचितांचा राग वंचितांवरच वळविणाऱ्या या यंत्राकडे समाजवादी चळवळ तटस्थपणे पाहू शकत नाही.

अफवेने माणसे मारल्यानंतरही प्रचाराचे काम संपत नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. येथेही चोर व मुले पळविणारे फिरत असल्याची अफवाच कारणीभूत होती. परंतु काही दिवसांतच या घटनेला हिंदू-मुस्लिम रंग देण्याचा उद्योग सुरू झाला. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, हे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीरपणे सांगावे लागले. साधूंची हत्या खरी होती आणि तिचा निषेध करणे प्रत्येकाचे कर्तव्यच होते. त्या खऱ्या दुःखाला खोटा शत्रू जोडून देणे, हा प्रचार होता.

यावर तांत्रिक उपाय पुरेसा नाही. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. वेग कमी झाला तर उत्तमच. पण विवेक कंपनीच्या कृपेने येत नसतो. तो सवयीने येतो. ही सवय तीन साध्या प्रश्नांची आहे. यात काय सांगितलेले नाही? हे मला आत्ता, इतक्या घाईने का सांगितले जात आहे? आणि मी यावर विश्वास ठेवला तर लाभ कोणाचा? संदेश धाकट्या भावाने पाठविला की शेजाऱ्याने, यावरून तो खरा ठरत नाही. पाठविणाऱ्यावरील माया हा पुरावा नव्हे.

हेच प्रश्न आपण स्वतःच्या पत्रकांनाही विचारले पाहिजेत. मोर्चाची संख्या फुगविणे, प्रतिपक्षाच्या भाषणातील अर्धेच वाक्य उचलणे, गैरसोयीचा आकडा गाळणे, या गोष्टी उद्दिष्ट उदात्त असल्यामुळे शुद्ध होत नाहीत. ज्या कार्यकर्त्याला आपल्या बाजूचे अर्धसत्य खटकत नाही, त्याने दुसऱ्याचे अर्धसत्य उघड केले तरी लोक त्याला दोन प्रचारकांपैकी एक समजतील. त्यांचे तसे समजणे चूकही ठरणार नाही.

आणखी एक पथ्य आहे. अफवेवर विश्वास ठेवणाऱ्याला मूर्ख म्हणून हिणवू नये. आईबापांना मुलाची वाटणारी काळजी खरी असते. प्रचारक त्या काळजीचाच गैरवापर करतो. आधी ती काळजी मान्य करावी, मग कापलेला भाग शांतपणे पुढे ठेवावा. हे काम वृत्तपत्रातील लेखाने होणार नाही. ते बाजाराच्या दिवशी, चावडीवर, बचतगटाच्या बैठकीत, ओळखीच्या माणसानेच केले पाहिजे. प्रत्येक तालुक्यातील अभ्यासमंडळाने यंदाच्या शिबिरात एक सत्र यासाठी राखून ठेवावे आणि गावात फिरत असलेला एखादा खराखुरा संदेश घेऊन तो मिळून तपासावा.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपल्या समाजाला सत्यशोधक हे नाव दिले. सत्य आपल्या खिशात आहे असा दावा त्या नावात नाही. ते शोधावे लागते, ही जाणीव आहे. जमाव जमण्यापूर्वी गावात असा एक जरी शोधक उभा राहिला आणि त्याने "थांबा, आधी विचारू" एवढेच म्हटले, तरी माणसे वाचू शकतात. तो एक माणूस घडविणे हे आपल्या संघटनेचे काम आहे.