माळ्यावरचे रीळ भंगारात देऊ नका

कॅसेट येण्याआधी टेप होता तो रिळांचा. दोन मोठ्या चकत्या शेजारी-शेजारी फिरताहेत आणि मधून तपकिरी फीत चालली आहे, असे ते यंत्र. रेडिओवर, रेकॉर्ड कंपन्यांच्या स्टुडिओत तेच असे. आता हौशी लोक जुने स्टुडर नि रेव्हॉक्स शोधून मोठ्या किमतीला घेतात आणि दिवाणखान्यात मांडतात. त्यांची हौस त्यांना लखलाभ. आपल्याला त्या यंत्राची गरज वेगळ्या कारणासाठी आहे.

जर्मनीच्या एईजी कंपनीने हे यंत्र बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडले ते १९३५ साली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. ते यंत्र तेव्हा येवल्याला पोचणे शक्यच नव्हते. महायुद्धानंतर ते अमेरिकेत गेले, १९४८ पासून अँपेक्स कंपनीने तिकडे बनवले, मग जगभर पसरले. बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखत आज आपली मुले मोबाइलवर ऐकतात, ती कुणीतरी तो आवाज नीट जपला म्हणून. असे भाग्य आपल्या फार थोड्या शाहिरांच्या वाट्याला आले. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गायले. अशा एखाद्या रात्रीच्या कार्यक्रमात कुणा रेल्वेतल्या किंवा गिरणीतल्या भावाने टेप लावला असेल, तर ते रीळ आज माळ्यावर किंवा विहाराच्या कपाटात पडलेले असू शकते.

मग स्टुडिओचेच यंत्र कशाला? फीत पाव इंच रुंद, तिच्यावर गंजासारख्या लोहभुकटीचा थर, आणि आवाज त्यात चुंबकाच्या रूपाने साठतो. स्टुडिओत ती सेकंदाला १५ इंच धावते. साडेदहा इंची रिळावरची २,५०० फूट फीत ३३ मिनिटांत संपते! कॅसेटची फीत याच्या आठव्या हिश्शाने चालते. घरगुती टेपचा वेग साडेसात किंवा पावणेचार इंच. चांगल्या यंत्रात तीन मोटारी असतात, त्या फितीवरचा ताण सारखा ठेवतात. ब्रेक बिघडलेल्या यंत्रात हाच ताण वाढतो आणि जुनी फीत तुटते किंवा ताणली जाते. तुटलेली जोडता येते. त्या काळचे कारागीर दाढीच्या ब्लेडने तिरकी कापून चिकटपट्टीने जोडत. ताणलेली मात्र पूर्ववत होत नाही.

म्हणून रीळ सापडले की उत्साहाने लगेच वाजवून पाहू नका. आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती जुनी ॲसिटेटची फीत कुजू लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. पांढरी बुरशी दिसली तर हातही लावू नका. १९७०-८० च्या काळातल्या काही फितींचा थर दमट हवेने चिकट होतो. वाजवताना किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि हेडवर तपकिरी मळ जमतो. अशी फीत जाणकार लोक साधारण ५० अंशांच्या मंद उष्णतेत काही तास ठेवून तात्पुरती बरी करतात आणि लगेच उतरवून घेतात. हा प्रयोग घरच्या चुलीवर करायचा नाही, हे माताभगिनींना मुद्दाम सांगतो. रिळे पुस्तकासारखी उभी ठेवा, पत्र्याखालच्या उष्णतेपासून आणि लाऊडस्पीकरपासून दूर.

उतरवून घ्यायचे पैसे पडतात. एका घराला झेपणार नाही, पण वर्षावासात विहाराने दहा-दहा रुपये जमवले तरी एखादे रीळ निघेल. उतरवणाऱ्याला वेव्ह फाइल मागा. व्हॉट्सॲपवर फिरणारी प्रत कामाची नाही. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. मूळ रीळही परत मागून घ्या.

खोके फाटले असले तरी फेकू नका. त्यावर पेन्सिलीने लिहिलेले गाव नि तारीख हाच बहुधा एकमेव पुरावा असतो. आवाज उतरला की वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून ऐकवा. कोण गातो आहे, ढोलकीवर कोण, मध्येच ‘वाहवा’ म्हणणारी ती बाई कोण, हे त्यांनाच ठाऊक. ते नावे सांगतील तशी वहीत उतरवून घ्या, आणि हे काम येत्या पौर्णिमेलाच करा.